तिरका काप

१४ डिसेंबर, दुपार

चि. डावरीस,

अनेक आशीर्वाद. तुमची खुशाली कळवायचे कष्ट घेऊ नका, ती मला इथून दिसते. काल तू हिरवा स्वेटर घातला होतास, आणि जावईबापू कुंड्या उचलताना कमरेतून वाकत होते. गुडघ्यात वाका म्हणावं, नाहीतर कंबर धरेल.

समोरासमोरच्या फुटपाथवर दुकानं असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तीन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसल्यावर एकदम हाक मारायचा धीर होत नाही. म्हणून चहावाल्याच्या हाती देतोय. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पेन भिकार आहे.

धंदा बरा आहे. नाताळ तोंडावर आला तरी सजवायची उंच झाडं अजून पडून आहेत. हल्ली लोकांची घरंच बुटकी झालीत. तुझ्या कुंडीतल्या झाडांपुढे मात्र रांग असते, तीही दिसते. "आपण झाडं विकतो, भाड्याने देत नाही," असं मी म्हणालो आणि तू रस्ता ओलांडलास. आता सण झाला की लोक झाड तुला परत आणून देतात, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा घेऊन जातात. माझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर... जाऊ दे. डोकं आहे तुला. हे मी तुझ्या आईजवळ बोललोय, म्हणजे तुला कळलंच असेल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

फुलवाल्याने आपला दुकानाचा हा कोपरा मागितलाय. नाताळ झाला की सांगतो म्हणालोय. दिला तर दिला.

पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

परवा एक बाई झाड परत घेऊन आल्या. म्हणाल्या, एका बाजूला कलतं. मी म्हटलं, "बाई, झाड आहे, विजेचा खांब नव्हे." दुसरं देऊन त्यांना वाटेला लावलं आणि परत आलेलं आडवं करून बुंधा बघितला. काप तिरका. मग सकाळी कापलेल्या चकत्यांच्या ढिगात हात घातला. विकण्याआधी बुंध्याची चकती उडवली की झाड पाणी पितं, हे तू चालायच्या आधी शिकलीस. त्या ढिगातली एकेक चकती एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ. आणि उतार उलटा, डावखुऱ्या माणसाचा. लहानपणी तू कापलेलं झाड दारात येणाऱ्याला वाकून नमस्कार करायचं, आठवतं?

कापतं कोण, असं तुझ्या आईला विचारलं. म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात गेलात की मीच कापते." तिने जन्मात करवत फक्त उचलून माझ्या हातात दिली आहे.

दवाखान्याचं लिहून गेलोच. उन्हाळ्यात मला हलका झटका येऊन गेला. उजवा हात कामातून गेला. रोज सकाळी तिथली एक मुलगी मला रबरी चेंडू दाबायला लावते. रोज चेंडूच जिंकतो. तुला दिसू नये म्हणून मी हात खिशात घालून उभा असतो. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा माजला. पेन चांगलं आहे गं. हे मी डाव्या हाताने लिहितोय. तू आयुष्यभर याच हाताने सगळं कसं केलंस, कोण जाणे.

तुला काही कळता कामा नये, असं तुझ्या आईला बजावलं होतं. ते तिने लगेच कळवलेलं दिसतं. पण तू रोज सकाळी रस्ता ओलांडून येतेस, हे मात्र तिने मला कळू दिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तीळ भिजला. मी रागावेन असं वाटलं का तुम्हा दोघींना? मी रागावलो नाही. ती चकती घेऊन गाडीत बसलो आणि रडलो. हात डिंकाने चिकट झाला, त्यामुळे डोळेही धड पुसता येईनात.

उद्या मी दवाखान्यात जाणार नाही. सगळ्यात उंच झाडाला गिऱ्हाईक मिळालंय, ते न कापता तसंच ठेवलंय. चोरून येऊ नकोस. सगळ्या रस्त्यादेखत ये. जावईबापूंनाही आण. हा कोपरा तू घेणार असलीस, तर फुलवाल्याला उद्याच नाही म्हणून सांगतो. कुंड्याही इथेच मांड. तुझी आई म्हणते, सुंभ जळला तरी यांचा पीळ जळत नाही. थोडा जळलाय, पण तिला सांगू नकोस.

तुला जमेल तसं काप, तिरकं तर तिरकं. मी बुंधा धरतो. एक हात अजून आहे.

रस्त्याच्या या बाजूला तुझी वाट बघत उभा असलेला,
तुझा बाबा