अनधिकृत व्यक्ती

१२ मार्च
वॉशिंग मशीन बंद पडली. घरघर करून थांबली ती थांबलीच. हे दुपारभर तिच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. स्क्रू वाटीत काढलेले, टेस्टर हातात. चहा नेऊन ठेवला तो तसाच निवला. संध्याकाळी उठले, हात पुसले.
"नवी घेऊन टाकू."
लग्न होऊन हिंदी मुलखातल्या या क्वार्टरमध्ये आले तेव्हापासून कुठल्याही वस्तूबद्दल हे वाक्य यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलच्या इलेक्ट्रिकलमध्ये नोकरी संपवलेला माणूस. इस्त्री, कूलर, मिक्सर, माझ्या शाळेची घंटासुद्धा यांनीच चालती ठेवली. बायका नवी मशीन मागतात आणि नवरे नाही म्हणतात. मला आनंद व्हायला हवा होता.

१४ मार्च
टाउनशिपच्या बाजारात, सिविक सेंटरला. मशीन घेतली. समोरून कपडे टाकायची नाही, वरून टाकायची. माझे गुडघे.
सेल्समन एक्स्टेंडेड वॉरंटीच्या मागेच लागला. "दो साल कंपनी का, ऊपर से तीन साल हमारा. एक महीने के अंदर कभी भी ले लीजिए. टेन्शन फ्री, अंकल."
हे माझ्याकडे वळले आणि भर दुकानात म्हणाले, "मास्तरीण, ऐक. नवी मशीन बिघडली तं पयल्या दोन-चार महिन्यात बिघडते. नाही तं मंग म्हातारी झाल्यावर. मधातले वर्ष ती चूपचाप चालते. हा भाऊ आपल्याले ते मधातलेच वर्ष विकून राहिला."
सेल्समनला मराठी कळलं असावं. हसला. "अंकल तो इंजीनियर निकले."
"इंजीनियर नहीं बेटा. इंजीनियर फँस जाता है तो जिसको बुलाता है, वो."
काउंटरवरचे सगळे हसले. मी पण. फार दिवसांनी यांचा आवाज असा मोकळा ऐकला.
बाहेर आलो. हे स्टँडवरच्या गाड्या बघत फिरू लागले. एकेका स्कूटरची नंबरप्लेट वाचत.
"गाडी कोठी लावली होती आपन?"
"गाडी विकली. दिवाळीच्या आधी."
"कावून?"
ऑटोने परत.

१५ मार्च
मशीन आली. बसवणाऱ्याने मागच्या स्क्रूवर चंदेरी कागद चिकटवला. "अंकल, ये सील है. टूटी तो वॉरंटी खतम."
"अच्छा," एवढंच म्हणाले. तो गेल्यावर मात्र त्या कागदावरून बोट फिरवत किती वेळ उभे होते. मशीन फार शांत चालते. आत काय चाललंय कळत नाही, म्हणाले.

१९ मार्च
प्रज्ञाचा नागपूरहून फोन. मुलीला दुकानातली गंमत सांगायला गेले, तर ती भलतीकडेच वळली.
"आई, वॉरंटी ले ले. अब बाबा से नहीं होगा."
"काय नाही होणार?"
"तुले माहीत आहे. मागच्या वेळेस पंख्याचं रेग्युलेटर उलटं बसवलं होतं त्यानं. करंट लागला असता तं? तू मानत कावून नाहीस?"
बापाला 'त्यानं' म्हणते. इकडे मुलं असंच बोलतात, पण मला ते अजून खपत नाही. तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

२० मार्च
एक्स्टेंडेड वॉरंटीच्या प्लॅनचं पत्रक पेपर तपासावा तसं वाचलं. रबर नाही, प्लास्टिक नाही, पाण्याचे पाइप नाहीत. उंदराने वायर कुरतडली तर नाही. व्होल्टेज वरखाली झालं तर नाही. मग उरलं काय? मोटर आणि सर्किट. ती या कंपनीची सहसा जात नाहीत असं तोच सेल्समन सांगत होता. म्हणजे जे जात नाही त्याची हमी, आणि जे जातं ते आपलं आपण बघायचं. शाळेत असते तर शून्य दिलं असतं.
शेवटची ओळ हिंदीत: 'अनधिकृत व्यक्ति द्वारा खोले जाने पर प्लान रद्द माना जाएगा.'
अनधिकृत व्यक्ती.
प्रश्न पैशाचा नाही, पेन्शनमध्ये बसतं. प्लॅन घेतला की यांना सांगावं लागेल, मशीनला हात लावायचा नाही. नाही घेतला तर एक दिवस हे ती उघडतील, आणि त्या दिवशी यांचा हात कुठल्या वायरवर पडेल ते मी सांगू शकत नाही. सारखी तीच दोन वाक्यं लिहिते आहे.

२४ मार्च
सेल्समनचा फोन. "मैडम, ऑफर का लाभ उठा लीजिए, नहीं तो पछताना पड़ जाएँगे." म्हटलं, "'पड़ जाएँगे' नाही, 'पड़ेगा'. विचार करून कळवते." तो सॉरी मैडम, सॉरी मैडम करत राहिला. बिचारा.

२७ मार्च
डॉक्टरांनी यांची गोळी वाढवली. आजाराचं नावही घेतलं आज, स्पष्ट. इथे लिहीत नाही.
परतताना यांनी ऑटोवाल्याला क्वार्टरचा रस्ता वळण न् वळण बिनचूक सांगितला. मग वाटतं, डॉक्टरांना काय कळतं.

३१ मार्च
खालची साहूबाई जिन्यात भेटली. हातात पिशवी, पिशवीतून मिक्सरची वायर लोंबत होती. बाजारात नेत असावी. मला बघून पिशवी पलीकडच्या हाताला घेतली आणि गरमीबद्दल बोलू लागली.
एके काळी रविवारी सकाळी आमच्या दारात मिक्सर आणि इस्त्र्या रांगेत लागायच्या. मी चिडायचे, हे घर आहे की वर्कशॉप. कोणी आणायचं बंद केलं ते नेमकं कधी, माझ्या लक्षातच आलं नाही. यांच्या आलं असेल का?

४ एप्रिल
भाजी घेऊन आले तर मशीन भिंतीपासून ओढलेली, मागचं झाकण खाली, सील फाटलेली. आणि स्विचबोर्डाला यांची पाटी.
प्लँटमधली पत्र्याची पाटी. लाल अक्षरात 'काम चालू है. स्विच न लगाएँ', खाली पांढऱ्या रंगाने 'गजभिये, इलेक्ट्रिकल'. ही लावल्याशिवाय यांनी घरातला साधा होल्डरही कधी उघडला नाही. आणि रूल एकच: ज्यानं लावली त्यानंच काढायची. मोठा साहेब आला तरी दुसऱ्याची पाटी काढत नाही. कारण पाटी आहे म्हणजे माणूस मशीनच्या आत आहे. मिलमध्ये एकदा कोणीतरी दुसऱ्याची काढली होती. पुढे काय झालं ते यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी जेवले नव्हते, एवढंच आठवतं. प्रज्ञा रांगायला लागली तेव्हापासून तिलाही माहीत, पाटीला हात लावायचा नाही.
"काय झालं मशीनला?" मी विचारलं.
"आवाज देऊन राहिली होती."
आवाज देत नव्हती. सकाळीच मी कपडे धुतले होते.
मी ओरडणार होते. पण यांच्या चेहऱ्यावर कामाचा घाम होता, आणि हे खूश दिसत होते.

८ एप्रिल
मशीन तशीच उघडी. कपडे हाताने धुते आहे, बोर्डाला पाटी तशीच. रोज विचारते, कधी होणार. "करून राहिलो ना. घाई नको करू." स्टूलवर बसतात, वायरी बघतात, उठून पेपर वाचतात. काल ठेवलेला स्क्रू आज दुसऱ्याच वाटीत.
प्लॅनचा प्रश्न आपोआप मिटला असं वाटलं. सील गेली, वॉरंटी गेली. सुटल्यासारखं झालं. त्याचीच लाज वाटली.

११ एप्रिल
चौदा तारखेला पांढरे कपडे हवेत. माझी साडी, यांचे दोन शर्ट, प्रज्ञा येणार तिचा ड्रेस. म्हटलं, आता पुरे. दुरुस्तीवाल्याला बोलावते, तुम्ही पाटी तेवढी काढा.
हे उठले. बोर्डापाशी गेले. पाटी हातात न घेता, वाकून, चष्मा वर करून वाचली.
"गजभिये कोन्या शिफ्टले आहे?"
मला वाटलं, मस्करी. "अहो..."
"त्याची पाटी आहे. त्याले बोलाव. त्याच्याबिगर काढता नाही येत."
"गजभिये तुम्हीच आहात."
हसले. मोकळं, दुकानात हसले होते तसंच. "मास्तरीण, कामाच्या जागी मजाक नाही करत."
मी यांना मास्तरीण म्हणून ठाऊक आहे. रूल ठाऊक आहे. पाटी वाचता आली, अक्षर न् अक्षर.
शाळेत चुकलेलं उत्तर खोडून बरोबर लिहून द्यायचे. इथे काय खोडायचं, कळलं नाही. "बोलावते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात आले.

१२ एप्रिल
पांढरे कपडे हाताने धुतले. नीळ जरा जास्त झाली, यांच्या एका शर्टावर ढग उठलेत. तो मागे ठेवीन.
हे दोनदा विचारून गेले, आला काय गजभिये. दुसऱ्यांदा म्हटलं, सेकंड शिफ्टला येईल. खोटं बोललेलं मला आवडत नाही. यांना मात्र बरं वाटलं. "मंग ठीक आहे. चांगला मानूस आहे तो," म्हणाले.

१३ एप्रिल
प्रज्ञा आली. मशीन बघून बॅग दारातच टाकली. "हे काय आहे आई? लोहे का टुकड़ा है, हटा दे ना!" आणि पाटीकडे हात पुढे केला. मी तिचा हात धरला, जरा जोरातच. तिने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.
दुपारी सेल्समनचा फोन. प्लॅनची मुदत संपत आली होती. सील तुटल्याचं मी सरळ सांगून टाकलं. तो आवाज उतरवून म्हणाला, "मैडम, हो जाएगा. परसों अपना आदमी आएगा, मशीन बंद करके नई सील मार देगा. आप बस लिख के दे दीजिए कि कोई बाहर का आदमी खोला था. और अंकल को आगे हाथ मत लगाने दीजिए."
कोई बाहर का आदमी.
प्र. म्हणते, "लिख दे ना. क्या फर्क पड़ता है." आता तिला ओरडवतही नाही. करंट लागण्याची भीती तिची खरी आहे. यांच्या हाताजवळची ती उघडी वायर मी रोज बघते.
परवा पाठवा म्हटलं. लिहून देईन असं म्हटलं नाही.

१४ एप्रिल
सकाळी पुतळ्यापाशी. हे पांढऱ्या शर्टात, प्र.चा हात धरून. वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, एक शब्द चुकला नाही, उलट पुढच्या तरुणांचंच कुठे कुठे चुकत होतं. सगळे येऊन "जय भीम, गजभिये साहेब" म्हणत होते आणि हे प्रत्येकाला हात जोडून "जय भीम, जय भीम". कोणाला काही कळलं नसेल. मीही तासभर विसरले होते.
घरी आल्यावर खीर खाल्ली. मग मला हळूच म्हणाले, "लोक मले गजभिये समजून राहिले होते. मीनं काही म्हटलं नाही. दुखावतेत."
प्र. ऐकत होती. आज नळ सोडला नाही, तिथेच बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला ते नीट जमत नाही.

१५ एप्रिल
प्र. पहाटेच्या गाडीने गेली. जाताना म्हणाली, "तू जे ठरवशील ते." एवढं कधी म्हणत नाही.
हे आज लवकर उठले. आपणच दाढी केली. प्लँटमध्ये घालायचे ते जुने बूट कपाटाखालून काढून घातले आणि मशीनपुढे स्टूल टाकून बसले. भिंतीकडे पाठ, तोंड दाराकडे.
म्हटलं, "आज कंपनीचा माणूस येईल. मशीन बंद करून देईल."
"नाही देत करू."
"का?"
"गजभिये आत आहे ना." मग मलाच समजावल्यासारखं, अगदी हळू, "तो बाहेर येईपर्यंत मी इथून नाही हलत. तू घाबरू नको."
खाली तो माणूस आला आहे. दोनदा फोन केला. "मैडम, नीचे खड़ा हूँ, आ जाऊँ?" थांबा म्हटलं. लिहून द्यायचा तो कागद कोराच समोर आहे, त्याऐवजी ही वही घेऊन बसले आहे. पुन्हा फोन वाजतो आहे. त्याला अजून थोडं थांबायला सांगते. यांचा चहा व्हायचा आहे.