वाणातला चहा

क्युपर्टिनो, ५ मार्च २००६

ती. सौ. शुभाताईंस,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, म्हणून पत्र लिहिते. पत्राला तरी उत्तर द्यावंच लागतं. लतिका गेल्यापासून तुमचं बोलणं आणखीच आटलंय. धाकट्या बहिणीसाठी ईडन प्रेरीला जाऊन राहिलात, आता स्वतःकडे बघा.

सोबत चहाचा डबा पाठवतेय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या ग्रुपमधल्या पद्मजाने आम्हा सगळ्यांना हेच वाण दिलं. शतावरी, अशोकाची साल, बडीशेप, गुलाबपाकळ्या. सगळं नॅचरल, बायकांच्या हार्मोन्सचा बॅलन्स साधणारं. आमच्या इलाने एक घोट घेऊन लॉनची चव आहे म्हणून जाहीर केलं, पण कॉलेजातल्या पोरीला काय कळतंय!

आणि गुण बघा. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, ती परत आली! पद्मजा म्हणते, शरीर तरुण होतंय. आमच्या ग्रुपमध्ये मी एकदम स्टार झालेय. तुमच्या भावाला अजून सांगितलं नाही, यतीन उगाच चिडवत बसेल.

तुम्हीही रिकाम्या पोटी घेत जा. तुमची आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
सुलेखा


शॉमबर्ग, ११ मार्च २००६

चि. सौ. सुलेखास,
अ. उ. आ.

डबा मिळाला. वरचा मजकूर वाचला. पाळी येत नसेल तर हा चहा ती आणतो, फार येत असेल तर आवरतो. लठ्ठ बाई बारीक होते, बारीक बाई भरते. इतकं समजून वागणारं माणूस आमच्या ऑफिसात मी अजून पाहिलेलं नाही. ज्ञान प्राचीन ऋषींचं आहे म्हणे, आणि पॅकिंग न्यू जर्सीचं. तुमची पद्मजा कंपनीत दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते ना? घरी आल्यावर ही सवय कुठे ठेवते?

त्रेपन्नाव्या वर्षी, एवढ्या खंडानंतर, पाळी परत येत नाही, सुलेखा. ते रक्त जातंय. लतिकाला गर्भाशयाचा कॅन्सर झाला हे तुला माहीत आहे. त्याची सुरुवात कशी झाली ते माहीत नाही. अशीच झाली. मलाही तिने ते हॉस्पिटलमध्ये गेल्यावरच सांगितलं. तिच्या मैत्रिणींनी तिचं अभिनंदन केलं होतं. त्यांचं चूर्ण होतं, बाटली या डब्याहून देखणी होती. सगळा उन्हाळा ती ते घेत राहिली.

चहाने कोणी मरत नाही. चहा पीत बसल्याने मरतं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे. डबा मी कचऱ्यात टाकला आहे.

बाकी ठीक. तब्येतीचं कळवावं.

शुभा


क्युपर्टिनो, १८ मार्च २००६

ती. सौ. शुभाताईंस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. वाण नाकारायचं नसतं, तुम्ही कचऱ्यात टाकलंत. लतिकाचं झालं ते वाईटच, पण म्हणून प्रत्येकीचं तेच होणार का? पद्मजाला विचारलं. ती म्हणाली की ताई दुःखात आहेत, म्हणून सगळं निगेटिव्ह दिसतं. त्यासाठी तिच्याकडे वेगळा चहा आहे, पाठवू का म्हणाली.

तपासायला जाऊन काही निघालं नाही तर ग्रुपमध्ये माझं हसं होईल. इलाची परीक्षा झाली की उन्हाळ्यात बघते. रागावला असाल तरी आम्हाला अंतर देऊ नका.

सुलेखा


शॉमबर्ग, २४ मार्च २००६

चि. सौ. सुलेखास,
अ. उ. आ.

दुःखावरच्या चहाबद्दल पद्मजाचे आभार मान. लतिकाला परत आणणारा निघाला की तोही पाठव म्हणावं.

वाण नाकारू नये हे मलाही शिकवलं आहे. पण घेतलेलं वाण पोटात घालावं असं आईने सांगितलं नव्हतं. आजवर चमचे, गाळण्या, कुंकवाचे करंडे मिळाले, ते आपण खाल्ले नाहीत.

आता रीतीनेच बोलते. तुझ्या गृहप्रवेशाच्या वेळी मी दार अडवलं होतं. दार अडवणाऱ्या नणंदेने मागितलेलं द्यावं लागतं. होणारी मुलगी सून म्हणून मागून घे, असं बायका मला शिकवत होत्या. मी लाजून बाजूला झाले. ताईचं मागणं बाकी राहिलं, असं यतीन तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला. ते आज मागते. डॉक्टरकडे जा. उन्हाळ्यात नको, या आठवड्यात. आणि यतीनला आजच सांग. नाही तर मी फोन करीन, आणि या वेळी हं-हं करणार नाही.

मला आता आणखी कोणाला पोचवायचं नाही.

शुभा


क्युपर्टिनो, ९ एप्रिल २००६

ती. सौ. शुभाताईंस,
शि. सा. न. वि. वि.

यतीनला तोंडाने सांगवेना, तुमचं पत्रच त्याच्या हातात दिलं. चिडवणं दूरच, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्याने स्वतः ड्राइव्ह करून नेलं. बायॉप्सी झाली. कॅन्सर आहे. पण अजून आतच आहे, पसरलेला दिसत नाही, वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाल्या. चोवीस तारखेला ऑपरेशन. पद्मजाला कळवलं, तर ऑपरेशननंतर कोणता चहा घ्यायचा ते सांगू लागली. मी फोन ठेवून दिला. तुम्ही केव्हा येता ते कळवा, यतीन एअरपोर्टवर येईल.

घरात आणखी कोणाला हे झालं होतं का, असं नर्सने विचारलं. मी लतिका म्हणून सांगितलं. तिने नातं विचारलं, मी नणंद म्हटलं. तेव्हा ती समजावू लागली, की नवऱ्याची बहीण रक्ताची नसते, तिला यात धरत नाहीत. मी तिला लतिकाचं स्पेलिंग सांगू लागले. शेवटी तिने लिहून घेतलं.

तुमची,
सुलेखा