शुनकाचा डॉक्टर कोण, याविषयी

मी, सत्यशीला विठ्ठलराव शिनगारे, वय छप्पन, संस्कृतची शिक्षिका, राहणार तेलगाव, जि. बीड, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ. त्यांच्या दृष्टीने असेलही.

१. ग्रंथ शाळेस. श्वानवाचक सगळे शब्द त्यांत आहेत. श्वानाला काय झाले, ते मात्र कोठेच नाही.

२. पुरणयंत्र शेजारच्या मुक्ताबाईस. तसेही ते तिच्याचकडे असते. बंधूच्या हाती जाऊ नये. कारण पुढे.

३. घर व शेत धाकटा बंधू धोंडीराम यास. सोबत कुत्रा शुनक, ज्यास गाव शुन्या म्हणते.

४. अट अशी, की शुनकास सिरसाळ्याच्या डॉ. सुरेखा यांच्याकडेच न्यावे. न नेल्यास शेत शाळेस जाईल.

अटीचे कारण. आमचे बैल गेले, ट्रॅक्टर आला; पण पोळा सुना कसा जाऊ द्यायचा? बंधूने शुनकावर झूल घातली, शिंगांअभावी चारी पंजे रंगवले आणि तुपात बुडवून पुरणपोळ्या चारल्या. शुनकाने पंजे चाटून काढले. सकाळी पोट फुगलेले, तोंडाला फेस. माजलगावच्या एका डॉक्टरांनी (नाव लिहीत नाही, एसी चांगला होता) खुर्चीतूनच सांगितले, पिसाळलाय, संपवून टाका. बंधूला पटले. “एवढी मोठी काच हाय दवाखान्याला, खोटं कावून बोलंल?” त्याला सिरसाळ्याची डॉक्टर नको होती. बैलांची डॉक्टर, त्यात बाई.

मी तरीही तिथेच नेले. बाईंनी हातमोजे चढवले, फरशीवर बसल्या, जबडा उघडला. दातांना लाल रंग.

“काल पोळा झाला. बैल किती तुमचे?”

“ट्रॅक्टर हाय,” बंधू म्हणाला.

“मग रंग कुणाला लावला?”

“ह्यालाच. पुरणपोळ्या बी चारल्या, तुपातल्या,” बंधूने शुनकाकडे बोट केले. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “पिसाळलेला वाटत न्हाई. पण वाचंल का, ते आत्ता सांगता येत न्हाई मला. इथंच राहू द्या.”

जनावरासाठी खाली बसतो, माणसाला खरे बोलू देतो आणि ‘सांगता येत नाही’ म्हणतो, तो डॉक्टर धरावा. शुनक वाचला. बंधूने मात्र बाईंचे नाव पुन्हा काढले नाही, म्हणून ही अट.

येथवर लिहिले आणि बंधू दारात उभा. शुनक कडेवर, वासरासारखा.

“अक्का, सिरसाळ्याला चाललो. शुन्याची लस हाय आज. बाईनी फोनवर सांगितलं, उपाशी नगं आणू म्हनून भाकर चारली. नुसती भाकर.”

५. कलम चार खोडले आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे. आता ऑपरेशन खुशाल होवो.

साक्षीदार: परमेश्वर गोरे, मुख्याध्यापक, चंद्रभागाबाई तिडके, शेजारीण. दोघांसमक्ष सही केली. बंधू हजर नव्हता, तो योग्य ठिकाणी होता.

सत्यशीला वि. शिनगारे
तेलगाव, २५ नोव्हेंबर २०२५