मामाजींची मोटार

१९ सप्टें.
मामाजींचा पुन्हा फोन. गाव विजेच्या लाइनीच्या शेपटाला, व्होल्टेज इतकं कमी की मोटार नुसती गुणगुणते. पावसाने पाठ फिरवलेली, संत्र्याचा आंबिया बहार गळतोय. "जवाई सब-स्टेशनचा साहेब, अन् सासऱ्याची बाग वायून राहिली." बायको, वर्षा, माझ्याशी मोजकंच बोलते.

२१ सप्टें., रवि.
तिवशाला उतरून सासुरवाडीला. गावाने पंपांचे कपॅसिटर कधीच काढून माळ्यावर टाकलेत, वीज खातात म्हणून. पारावर समजावलं. मोटारीला दोन विजा लागतात. एक पाणी ओढते. दुसरी रोज उगाच अमरावतीला जाऊन-येऊन करणाऱ्यासारखी, सीट तेवढी अडवते. ती कपॅसिटर जागेवरच पुरवतो, तार मोकळी राहते. कुणाचाच चेहरा हलेना. वैतागून म्हणालो, विळ्या-कुऱ्हाडीसारखं हेही तुमचं हत्यार समजा. लगेच माना डोलल्या. खूश होऊन परतलो.

२६ सप्टें.
सगळ्या पंपांना कपॅसिटर लागले. आमच्या सब-स्टेशनवरची कपॅसिटर बँक, म्हणजे त्यांचा मोठा संच, तोही चालू. व्होल्टेज झकास. मामाजी : "पानी शेवटच्या झाडाले पोचलं, जवाईबापू." घरी पुरणपोळी. फार बरं वाटलं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
व्होल्टेज धाडकन खाली. आमची बँक पूजेसाठी बंद, माझ्याच हुकमाने, झेंडूचा हार वगैरे. पण तेवढ्याने एवढं? गावी धावलो. घरोघरी देवापुढे विळा, कुऱ्हाड आणि मधोमध कुंकू लावलेला कपॅसिटर. मोटारी मात्र सगळ्या चालू.
"तुमीच तं म्हटलं हत्यार हाये म्हून. आज हत्याराले आराम," मामाजी म्हणाले.
"मग मोटार?"
"मोटार कुठं हत्यार हाये?"
आमच्या बँकेवरचा हार आठवला. 

३ ऑक्टो.
दसरा झाला. बँक चालू, गावातले कपॅसिटर परत पंपांवर. एक सोडून, मामाजींचा. सासूबाई देवघरातून काढू देत नाहीत. तो आला आणि बागेत पाणी आलं, म्हणजे लक्ष्मीच. मामाजी म्हणतात, तुम्ही सांगा, जावयाचं ऐकते ती. बहुतेक...

५ ऑक्टो., रवि.
नवा कपॅसिटर घेऊन गेलो. सासूबाईंनी दोन्ही हातांनी घेतला, कुंकू लावलं, जुन्याशेजारी ठेवला. "जोडीनं बरे दिसतेत." मीही हात जोडले. मळ्यात मोटार नुसती गुणगुणत होती.
निघताना मामाजींनी पिशवी दिली. झाडाखाली गळलेली हिरवी संत्री. वर्षाला दाखवा म्हणाले.
पिशवी अजून डिकीत आहे.