चार रंगांचं कार्ड

प्रिय विसरभोळ्या,

मी तुझी आजी. हे आधीच सांगून टाकते, कारण मागच्या खेपेला फोनवर तू दोनदा 'कोण बोलतंय' म्हणून विचारलंस. तुझ्या बापाची आई. लहानपणी तू जिच्या चपला लपवायचास आणि कुठे लपवल्या ते स्वतःच विसरायचास, ती. ओळख पटली असेल तर पुढे वाच. अक्षर नर्सबाईंचं आहे. आजोबांचं अंग पुसून झालं की चहा पिता पिता त्या लिहून घेतात. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, सुधारायचं नाही, असं कबूल करून घेतलंय. आत्ता त्यांनी भुवई उडवली. तेही लिहा म्हटलं.

फोन का केला नाही म्हणशील. फोन आजोबांच्या खोलीत आहे आणि त्यांचे कान शाबूत आहेत. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच 'आजी, ऐक ना' म्हणून तोडता येत नाही.

अर्धांगाच्या झटक्यात आजोबांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हे तुला ठाऊक आहे. अक्षरंही गेली, हे आम्हालाच उशिरा कळलं. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्याची वेलांटी चुकली तर यांच्या पोटात दुखायचं. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका काढायचे, मग नवरा-नवरी कोण ते बघायचे. त्यांच्यापुढे वर्तमानपत्र धरलं तर उलटं की सुलटं ते कळेना. तुझा बाप म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी मात्र लगेच ओळखलं. कागदाकडे तसं बघणं माझ्या घरचंच आहे, मी आयुष्यभर तसंच बघत आले. लग्नानंतर मला शिकवायला बसले होते, आठवड्याभरात हात टेकले. आता घरात दोघंही अंगठेबहाद्दर. मी म्हटलंसुद्धा, या, बसा आमच्या पंगतीला. हसले नाहीत. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. ते हल्ली उगाचही येतं, म्हणून उगाच आलं असं धरून चालले.

खिडकीजवळचा तो जुना कॉम्प्युटर आठवतो का? आठवेल, माणसं विसरलास तरी यंत्रं तू विसरत नाहीस. काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. मी तेव्हा म्हणायचे, एवढा खर्च केलात, एखादं चित्र तरी दिसू दे, मलाही बघायला होईल. ते म्हणायचे, चित्रं लहान मुलांना. आजारपणातही तिथेच बसायचा हट्ट. खुर्ची सरकवून दिली की डावा हात कळांवर ठेवायचे, हिरवी अक्षरं यायची आणि हे त्यांच्याकडे परक्या गावात उतरल्यासारखे बघत राहायचे. मग मूठ आपटायचे. तू पाठवलेली ती काचेची पाटी चांगली होती रे, पण थरथरतं बोट एका जागी टेकलं की तिच्यात दहा गोष्टी उघडायच्या. पेन्सिल दिली तर कोंबड्यानं पाय ओढल्यासारख्या रेघोट्या. त्या जाड कळा तेवढ्या त्यांच्या डाव्या हाताला पाठ आहेत. म्हणून माझ्या डोक्यात आलं, अक्षरं गेली तर गेली, याला पडद्यावर चित्रं दाखवणारं कार्ड बसवू.

दुरुस्तीवाला आला, झाकण उघडून बराच वेळ आत वाकून राहिला. म्हणाला, आजी, हल्लीची कार्डं याच्या खाचेत शिरणारच नाहीत. जुन्या सामानातून त्यानं दोन काढली. एकात शेकडो रंग, फोटो फोटोसारखा दिसेल. दुसऱ्यात फक्त चार, तेही काळा, पांढरा, एक निळसर आणि एक जांभळट गुलाबी. असा गुलाबी की साडी असती तर मी मोलकरणीलाही दिली नसती. तू फोनवर म्हणालास, भारीतलं घे, त्यात विचार काय करायचा. घेतलं. सुरू केलं, आणि आतून धूर आला. विजेचा पुरवठा करणारी आतली पेटी जुनी, तिला ते ओझं झेपलं नाही. आजोबा त्या धुराकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. दुरुस्तीवाल्यानं पेटीतला जळका भाग बदलला, चार रंगांचं कार्ड घातलं आणि ते आपल्या जुन्या टीव्हीला जोडलं. तुला सांगितलं नाही. तू म्हणाला असतास, आजी, हे काय कार्ड झालं.

पण त्यावर रेघ सरळ येते. बाणाची कळ दाबली की ठिपका पुढे सरकतो, मागे रेघ राहते. पहिले काही दिवस नुसते जिने काढले. मग एक चौकोन आला, मधे उभी रेघ. मी खिडकी उघडली. त्यांनी डोळे मिटून मान खाली केली, इतकी खाली की मला वाटलं पुन्हा झटका आला. मला समजलं म्हणून ते सुटल्यासारखे झाले होते. त्यानंतर कप आला, उशी आली, एकदा माझं तोंडही आलं, नाक सोडून. चित्रं वाचायला मला शाळा लागत नाही. तुझा बाप तासभर अंदाज बांधतो, मी भाजी निवडता निवडता सांगते.

एकच चित्र वाचायला चुकले. डॉक्टरांनी सांगितलं, घास श्वासनलिकेत जातोय, पोटातून नळी घालून अन्न देऊ. तुझा बाप म्हणाला, घाला. तू म्हणालास, आजच घाला. आजोबा पलीकडे बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक माणूस काढला, वाटोळं डोकं, काड्यांचे हातपाय, आणि पोटातून निघालेली एक लांब रेघ. मी म्हटलं, पतंग उडवताय का? कळफलकावर मूठ आपटली. मग त्या रेघेवर एक आडवी रेघ मारली आणि तिच्या टोकाला शेपटीसारखं वेटोळं काढलं. किती वेळ लागला त्यांना, एकेक ठिपका सरकवत. मला एकही अक्षर येत नाही, पण ती खूण येते. या घरात जन्मभर मुद्रितांचे कागद पसरलेले असत, त्यांवर लाल शाईत ती असायची. एकदा विचारलं होतं, हा गोगलगाईसारखा काय प्रकार? म्हणाले, एवढं काढून टाका, छापू नका.

मी सगळं पुसायला लावलं. दोन दिवसांनी परत विचारलं. परत तेच काढलं, खूण या वेळी मोठी. डॉक्टरांना बोलावून समोर बसवलं, त्यांच्यादेखत तिसऱ्यांदा काढलं. डॉक्टरांनी त्या खुणेचा अर्थ माझ्याकडून समजून घेतला. म्हणाले, मग नळी घालता येणार नाही. तोंडानं जाईल तेवढं जाईल, आणि एक दिवस ते फुप्फुसात जाईल. नर्सबाईंनी इथे पेन खाली ठेवलं होतं. त्यांना हे पटलेलं नाही, तेही लिहा म्हटलं.

तुझा बाप माझ्याशी बोलत नाही. काल म्हणाला, तू त्यांना उपाशी मारते आहेस, आता तुझा नातूच तुला समजावेल. म्हणून हे पत्र, तुझा फोन यायच्या आधी. मला समजावू नकोस आणि डॉक्टरांना गाठू नकोस. मलाही ते हवे आहेत रे, नळीसकट, कसेही. पण मला विचारलेलं नाही. रागवायचं असेल तर इथे ये आणि माझ्यावर रागाव, त्यांच्या खोलीत मात्र नाही. सुट्टीचं नंतर बघू म्हणू नकोस, नंतर फार उरलेलं नाही. आणि हे पत्र वाचल्या वाचल्या एक काम कर. काल त्यांनी एक चौकोन काढला, आत नुसती भोकं भोकं. मऊ घोटलेलं खाऊन ते विटलेत. तुझ्या ऑफिसखालच्या दुकानातली ती खारट, कडक बिस्किटं पाठव. मोठा डबा नको. लहान पुडा पुरेल.

तुझीच,
आजी