मागच्या ट्रकवरची थाप

मु. जिन्याखालची खोली
ता. २ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार वाकूनच लिहितोय, कारण या खोलीत सरळ उभं राहिलं की डोकं जिन्याला लागतं.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. माझा फोन सिमेंटच्या मिक्सरमध्ये पडला आणि आता तो एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत राहतो. मुकादमाच्या फोनवरून आईशी बोललो. तो शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता आणि मधेमधे मान डोलवत होता. आईनं सांगितलं की तुमच्या सरांनी शिबिरात सगळ्यांचे फोन कुलपात ठेवलेत. मग म्हटलं चला, पाचवीपर्यंत शिकलोय ते वसूल करू.

तर बातमी. रंगकाम सोडलं. आता लगेच कपाळाला हात लावू नकोस. दिवसभर एकाच भिंतीकडे बघत बसायचं, त्यापेक्षा भिंतीनं माझ्याकडे बघावं. नवीन काम रस्त्यावरचं आहे. कठडे लावायचे, दोऱ्या बांधायच्या, प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे. कशासाठी विचार. इथे जगातली मोठी स्पर्धा भरतेय, आणि चौकातल्या फलकावर मी एकेक अक्षर लावून वाचलं, महिलांची मॅरेथॉन. म्हणजे तू! तू धावणार तो रस्ता मी झाडणार. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ती येईपर्यंत तू त्या कामावर टिकलास तर मी स्वतः धावत येईन. आईचा माझ्यावर विश्वास बघ किती.

लोभ आहेच, थोडं लोणीही लाव.
तुझा,
भिंगरी

---

मु. डोंगरावरचं शिबिर
ता. १२ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. त्यातला एक कानाखाली, रंगकाम सोडल्याबद्दल.

तुझं पत्र आलं तेव्हा संघातल्या पोरी गोळा झाल्या. त्या सगळ्या माझ्या निम्म्या वयाच्या, मला मावशी म्हणतात. वाचून दाखवलं तर हसून लोळल्या. एकीनं विचारलं की तुमचा भाऊ असा का आहे. मी म्हटलं, मी धावते ते त्याच्यामुळेच. खरंच आहे की नाही? शाळेच्या वाटेवर तू मागून जेवणाचा डबा बडवत यायचास. सगळी गल्ली बघायची आणि मला लाजेनं पळावं लागायचं. तुझा ठोकाही ठरलेला. पहिली थाप जीव खाऊन आणि दुसरी फुसकी, कारण दुसरीपर्यंत तुझं लक्ष कुठल्यातरी पतंगाकडे गेलेलं असायचं.

आता एक गोष्ट सांगते, ती पोटात ठेव. आईला नाही, तुझ्या भाऊजींना तर मुळीच नाही. माझी उजवी टाच दुखतेय. संघाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, धावलीस तर कायमचं काही बिघडणार नाही, पण दुखेल, आणि शेवटी शेवटी फार दुखेल. नर्स म्हणून रोज वॉर्डात मी लोकांना सांगत असते, थोडं दुखेल हं. आता मला कळतंय तेव्हा ते माझ्याकडे तसं का बघतात.

मेडल बिडल माझ्या डोक्यात नाही. या वयात संघात नाव आलं हेच पुष्कळ, आणि यानंतर पुन्हा येणार नाही. मला फक्त शेवटच्या रेषेवर माझ्या पायांनी पोचायचंय. शर्यतीत जे मागे पडतात त्यांना बसमध्ये घालतात, अंगावर घोंगडी टाकतात आणि टीव्हीवर दाखवतात. आमच्या वॉर्डात टीव्ही आणून ठेवलाय म्हणे. हाडांच्या विभागातले पेशंट खाटांसकट येणार आहेत. त्यांच्यासमोर घोंगडी नको रे.

पत्राचं उत्तर लवकर दे, आणि तेवढ्यात काम बदलू नकोस, म्हणजे पत्ता बदलणार नाही.
तुझी,
ताई

---

मु. तीच खोली (बघ!)
ता. २१ जून

ती. ताईस सा. न. वि. वि. वि., एक वि. जास्त आहे, कारण बातमीच तशी आहे.

मुकादमानं आज कामं वाटली. काहींना पाण्याची टेबलं, काहींना चौक. मी एका जागी उभा राहत नाही हे त्यानं इतक्या दिवसांत ओळखलंय, म्हणून मला चालत्या गाडीवर टाकलं. ताई, मी मागच्या ट्रकवर आहे.

हा ट्रक कुठला ते सांगतो. तुमच्या रस्त्याला चार फेऱ्या आहेत. शेवटच्या फेरीत सगळ्यात मागची बाई पुढे गेली की तिच्यामागून हा ट्रक निघतो. मी मागच्या फळीवर लोंबकळून रस्त्यातले शंकू उचलायचे आणि एकात एक रचायचे. ट्रकच्या मागे ती बस. ट्रक ज्या बाईच्या पुढे गेला ती बसमध्ये. रस्ता दुपारच्या आत मोकळा करायचा असतो, म्हणून ट्रकचा वेग ठरलेला. घड्याळावर चालतो, माणसावर नाही.

ड्रायव्हरकाका म्हणजे एक नग आहे. आरसा असून बघत नाही. मागच्या माणसानं पत्र्यावर थाप मारायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. या दोन शब्दांत त्याचं सगळं आयुष्य गेलंय, बायकोशीही तेवढंच बोलत असेल.

आता ऐक. शंकू उचलताना एखादा हातातून निसटला तर एक थाप मारावी लागते. ट्रक थांबतो. असे चारपाच शंकू निसटले तर कोण मला फाशी देणार आहे? तू फक्त हो म्हण. माझे हात तसेही निसटतेच आहेत.

टाचेला शेक देत जा. आईला काही बोललो नाही. मुकादमाच्या फोनवर पोटात ठेवणं सोपं नव्हतं, कारण तुझं पत्र त्यानंही वाचलं होतं आणि शेजारून तोच विचारत होता, ताईची टाच कशी आहे.

लोभ आहेच, तो निसटू देऊ नये.
तुझा,
भिंगरी

---

मु. डोंगर
ता. ३० जून

चि. भिंगरीस आशीर्वाद, पण कडक.

नाही म्हणजे नाही. एकही शंकू निसटायचा नाही. तू थांबवलेल्या ट्रकच्या पुढे मी पोचले, तर पोचले असं मला कधी वाटेल का? आणि त्या बसमध्ये दुसऱ्या कोणाचीतरी ताई बसलेली असेल, ती वेळेवरच्या ट्रकनं पकडलेली.

अजून ऐक. खाली उडी मारायची नाही. हात द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही. बाहेरच्या माणसानं मदत केली तर पंच मला तिथेच बाद करतात. माझं नाव घेऊन ओरडायचंही नाही, तुझा आवाज ऐकला की मला रडू येईल आणि रडताना श्वास लागतो. तू तुझं काम कर, मी माझं करते. तुझं काम नीट केलंस तर तीच माझी ओवाळणी समजेन.

हे सगळं तुला जमेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय. उत्तर लिहीत नाही.

पेला सांडेल इतका लोभ आहे, तरी फळीला घट्ट धरून राहा.
तुझी,
ताई

---

मु. जिन्याखाली
ता. १८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न., या वेळी लोळण घेऊनच.

तुला लांबून बघितलं आणि भेट झालीच नाही. रेषेपाशी पोचेपर्यंत तुला आत नेलं होतं आणि मला सगळे शंकू गोदामात उतरवायचे होते. दुसऱ्या दिवशी तुमचं विमान. तुला फोन परत मिळाला असेल, पण माझा अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे. म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते लिहितो.

पहिल्या तीन फेऱ्या आम्ही ट्रकवर बसून बघितल्या. पुढच्या बायका गेल्या त्या बाया नव्हत्याच, वाराच होता. तू पहिल्या फेरीत मधल्या घोळक्यात होतीस, दुसरीत घोळक्याच्या शेपटाला. तिसऱ्या फेरीत तू लंगडत होतीस. काकाला कळू नये म्हणून मी तोंड फिरवलं. तर तो म्हणाला, ती शेवटची कोण आहे, तिच्यासारखंच नाक तुझं आहे. आरशात न बघणारा माणूस नेमकं तेवढं बघतो.

ट्रक निघाला. तू आमच्या पुढे बरंच अंतर होतीस, पण ते कमी होत होतं. मी एकही शंकू सोडला नाही, ताई. असे भराभर उचलले की काका म्हणाला, इतक्या घाईनं घरी कोण वाट बघतंय.

मग तो गोदामांचा रस्ता आला, दोन्ही बाजूंना उंच भिंती. तिथे तू थांबलीस. कठड्याला दोन्ही हातांनी धरलंस आणि मान खाली घातलीस. ट्रक आपला चाललाय. मागच्या बसचं दार उघडलं, मदतनीस बाईनं घोंगडीची घडी मोडली. माझा एक पाय फळीवरून खाली आला होता. खरं सांगतो, आला होता. मग तुझं पत्र आठवलं. थांबवायचं नाही, उडी नाही, हात नाही, हाक नाही. मग माझ्याकडे उरलं काय? थाप.

दोन थापा म्हणजे चल. ते तर माझं कामच आहे. ट्रकच्या फळीवर कडेला लोखंडी गज पडलेला, तो उचलला आणि पत्र्यावर हाणला. त्या भिंतींमध्ये असा आवाज घुमला की ट्रक तुझ्या पाठीशी टेकलाय असं वाटावं. काका ओरडला की चाललोच आहे ना, अजून काय उडू का. मी पुन्हा दोन हाणल्या. तू दचकलीस आणि सुटलीस.

मग मी थांबलोच नाही. तुला वाटत राहिलं की ट्रक आला, ट्रक आला, आणि ट्रक तर हळूहळू मागेच पडत होता. शेवटच्या वळणावर तू दिसेनाशी झालीस. पुढे लाउडस्पीकरवर तुझा नंबर ऐकला आणि मी फळीवर बसलो.

तुला फसवून पळवलं, त्याबद्दल राग मानू नकोस. ट्रकला पोचे पडले म्हणून मुकादम चिडला. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीलाही यायचं असेल तर गज घरी ठेवून ये, असं म्हणाला. मी हो म्हटलंय.

आईला कळव की तिनं धावत यायचं कबूल केलं होतं.
लोभ आहे, त्याला पोचे पडू देऊ नयेत.
तुझा,
भिंगरी

---

मु. घर
ता. २७ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. या वेळी सगळे डोक्यावर, एकही कानाखाली नाही.

टाच बरी आहे. कामावर जायला लागले. हाडांच्या विभागातला एक आजोबा रोज सांगतो की शेवटच्या वळणावर त्यानं प्लास्टरातला पाय हलवून मला जोर दिला. त्यालाही धन्यवाद दिले. आईनं घरातल्या घरात, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत धावून दाखवलं. भाऊजींनी घड्याळ लावलं नाही म्हणून रुसली.

आता तुझा गैरसमज काढते. तू मला फसवलंस असं तुला वाटतंय ना? अरे वेड्या, पहिला ठोका पडला तेव्हाच मी ओळखला. एक जीव खाऊन आणि दुसरा फुसका. असं या पृथ्वीवर दुसरं कोणी वाजवत नाही. ट्रक लांब आहे हेही मला कळलं, कारण जवळ असतास तर तुझी बडबड ऐकू आली असती.

खरी घाबरली ती माझ्या पुढची, दुसऱ्या देशाची बाई. तिला वाटलं ट्रक आलाच. ती अशी पळत सुटली की तिला गाठू बघताना माझा जीव निघाला. रेषेपर्यंत ती पुढेच राहिली. नंतर आम्ही दोघी जमिनीवर पडून हसत होतो. तिला कळत नव्हतं मी का हसतेय, मला कळत नव्हतं ती का.

मी मात्र ट्रकला भिऊन सुटले नाही. कठड्याला धरून उभी होते तेव्हा माझ्या मनात होतं की पुरे, बसते आता. मग ठोका आला. म्हटलं, हा अजून फळीवर आहे. मग पुन्हा दोन ठोके पडले, आणि दुसराही पहिल्याइतकाच जोरात होता. त्यानंतरचाही. त्याच्या पुढचाही. इतक्या वर्षांत कधीच ऐकला नव्हता. मी कठडा सोडला तो तेव्हा.

पुढच्या महिन्यात कोणीतरी दुसरी शेवटची असेल. तिच्यासाठीही दोन्ही थापा सारख्याच मार.

लोभ असाच मागे लागलेला असू दे.
तुझी,
ताई