हिरव्या दाराचा फोटो

आये,

हे पत्र तुला पाठवणार नाही. वाचून दाखवायला शेजारचा प्रवीणदादाच येणार, आणि गोष्ट त्याच्याच संडासाची आहे.

आपल्या संडासाचा खड्डा तेव्हा नुसता खणून झाला होता. सरकारी फोटोवाला म्हणाला, "आजच संडासापुढे उभा राहा, नाहीतर यादीतून नाव कटेल." मी दादाच्या हिरव्या दारापुढे उभा राहून हसलो. वाटलं, सरकारची मदत आली की आपला बांधू. मदत आली, आणि मी त्याच पैशांचा मोबाईल घेऊन इकडे वेरावळला मासेमारीच्या बोटीवर आलो. त्याच मोबाईलवर तुझा फोन येतो.

तुझा पाय मोडल्यापासून धाकटी पुष्पा तुला धरून परसाकडे ओहोळावर नेते. काल तू म्हणालीस, "हिला घेऊन हापिसात गेलते. सायेब म्हणे, म्हातारे, संडास तर आहे तुझ्या घरी, परत कसा देऊ? फोटो दाखवला. दार हिरवं होतं."

येऊन संडास बांधावा म्हटलं, तर होळीपर्यंत बोटीचा मालक सोडत नाही.

शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू विचारलंस, "फोटोत लई बारीक दिसतोस रे. तिकडे पोटभर मिळतं ना?"

तुझाच,
रघ्या